दादा हो म्हणाला तर

पोलादपूर,
१६ नोव्हेंबर २००८

प्रिय राहुल,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र न फोडताच ठेवून देशील, असं तुझ्या वहिनीचं म्हणणं आहे. मला तसं वाटत नाही. बंद वस्तू बंद ठेवणं तुला कधीच जमलेलं नाही. अण्णांचं चावीचं घड्याळ तू सहा वर्षांचा असताना उघडून ताटलीत मांडून ठेवलं होतंस आणि ते जुळवून आणायला मला महाडला दोन खेपा घालाव्या लागल्या होत्या. तेच घड्याळ आता माझ्या हातावर असतं. दिवसाकाठी दीड मिनिट मागे पडतं, पण सेकंदकाटा चोख आहे.

आपण चार वर्षं पाच महिने बोललेलो नाही. त्याबद्दल पुढे लिहितो, आधी कामाचं लिहितो. तू केलेली आपल्या यात्री निवासाची वेबसाइट आता बारा सेकंदांत उघडते. काउंटरवरच्या त्याच जुन्या कॉम्प्युटरवर, फोनच्या लाइनीवर, मी घड्याळ लावून मोजलं आहे. आधी सात मिनिटं चाळीस सेकंद लागत होती. तू तेव्हा सगळ्या भावकीसमोर हाच आकडा सांगितला होतास. मी तो या सप्टेंबरात पहिल्यांदा मोजला आणि नेमका तेवढाच निघाला. त्याचा मला आनंद झाला नाही, रागच आला.

मोजायची वेळ कशी आली तेही सांगतो, नाहीतर तुला वाटेल दादाला उतारवयात शहाणपण सुचलं. गेले दोन हंगाम खोल्या रिकाम्या जात होत्या. महाबळेश्वरला जाणारे लोक इथे चहा पितात, बाथरूमला जातात आणि आंबेनळी घाट चढू लागतात. शिवथरघळीला येणाऱ्या मंडळींच्या बस आपल्या दारावरून जायच्या, पण मुक्काम दुसरीकडे. मी रस्त्याला दोष दिला, नव्या लॉजवाल्यांना दिला, लोकांच्या घाईला दिला. दोष द्यायला माणसाला काही कमी पडत नाही.

मग उन्हाळ्यात डोंबिवलीहून एका बाईंचा फोन आला. जागा आहे का, म्हणाल्या. हवी तेवढी आहे, म्हटलं. सासूबाईंना आणायचं आहे. आणा. डॉक्टर येतात का? मला वाटलं, म्हातारीला घाटात गाडी लागत असेल. बोलावला की येतो, म्हटलं. पथ्याचं जेवण मिळेल का, आंघोळीला कोणी मदत करेल का, इथपर्यंत मी सगळ्याला हो म्हणत गेलो. शेवटी त्यांनी विचारलं, भेटायला महिन्यातून किती वेळा येता येईल? तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. बाईंना आपलं यात्री निवास म्हणजे वृद्धाश्रम वाटत होतं. त्यावर मी काय बोललो ते लिहीत नाही. ते ऐकून तुझी वहिनी हातातला झारा तसाच घेऊन बाहेर आली, एवढं सांगतो.

गणपतीपर्यंत असे तीन फोन झाले. तिसरा माणूस स्वतःसाठीच जागा बघत होता, रिटायर्ड, बोलायला अगदी सभ्य. त्याच्यावर ओरडवेना. त्यालाच विचारलं की बाबा रे, तुम्हाला हे सांगितलं कोणी? तो म्हणाला, पुतण्याच्या कॉम्प्युटरवर तुमची वेबसाइट बघितली. वर नाव आलं, मग एकेक करत तीन म्हाताऱ्यांचे फोटो आले आणि गाडी तिथेच थांबली. पुन्हा केलं, पुन्हा तिथेच थांबली. तिघांपैकी दोघांच्या फोटोला हार होता. ते बघून, इथे शेवटपर्यंत नीट सांभाळत असावेत, असं त्याला वाटलं.

तू हसत असशील. हस. मलाही आता हसू येतं, तेव्हा आलं नव्हतं. पहिले अण्णा, आपले वडील, दुसरे रंगूबाई काकूंचे मालक आणि तिसरे गोमाजीकाका, जे अजून धडधाकट आहेत आणि ज्यांना मी हा किस्सा कधीही सांगणार नाही.

ते फोटो तिथे कसे गेले ते तुला सांगायला नको, पण मी स्वतःला एकदा नीट आठवून सांगितलं, ते लिहितो. जमीन पाच घरांची सामाईक, त्यामुळे निवासही पाच घरांचं. तू वेबसाइटचं पान बनवायला घेतलंस आणि सगळ्यांनी ते लग्नपत्रिकेसारखं धरलं. पत्रिकेत जसं एखाद्या चुलत्याचं नाव राहिलं तर तो मांडवात पाऊल टाकत नाही, तसंच इथे. बावीस माणसं महाडच्या स्टुडिओत जाऊन फोटो काढून आली, गेलेल्या दोघांचे घरातले फोटो तिथे नेले, असे चोवीस झाले. काकूंनी बजावलं, "माजा धनी हारासकट वरती पायजे. खाली नाय जायाचा." स्टुडिओवाल्याने चौकातल्या बॅनरला लागतात तेवढे मोठे फोटो करून दिले, कारण त्याला आम्ही तसंच सांगितलं होतं. तू ते जरा लहान करायला बघितलेस, तर गोमाजीकाका फूटपट्टी घेऊन आले आणि कॉम्प्युटरच्या काचेवर लावून आपला आणि शेजारचा फोटो मोजून गेले. "बारीक नाय करायचा. मी काय बारीक मानूस हाय?" तू माझ्याकडे बघितलंस. मी म्हटलं, मोठी माणसं सांगतात तसं कर. खोल्यांचा फोटो, भाडं, फोन नंबर, सगळं चोविसाव्या फोटोच्या खाली गेलं. चोविसावा तू. भावकीत सगळ्यात धाकटा.

त्या रिटायर्ड माणसाच्या फोननंतर मी कॉम्प्युटर शिकायला लागलो. हे तुला वहिनीने सांगितलं असेलच. ती तुझ्याशी फोनवर बोलते हे मला पहिल्यापासून ठाऊक आहे. ती फोन घेऊन मागच्या पडवीत गेली की मी टीव्हीचा आवाज वाढवतो, म्हणजे तिला मोकळेपणाने बोलता यावं. तर आठवड्यातून तीन दिवस एसटीने महाडला जाऊन मी अकरावीच्या पोरींच्या रांगेत बसतो. त्या मला काका म्हणतात आणि माउस हवेत उचलायचा नसतो हे दर वेळी सांगतात. शिकवायला अनुपमा मॅडम आहेत, माझ्यापेक्षा पंचवीस वर्षांनी लहान आणि माझ्यापेक्षा तापट. पहिल्या आठवड्यात मी त्यांच्याशी वाद घातला, दुसऱ्या आठवड्यात पिशवीतून घावणे नेले.

त्यांना मी आपलं पान दाखवलं. त्यांनी कपाळाला हात लावला. काचेवर फोटो कितीही लहान दिसला तरी आतून तो बॅनरएवढाच येतो, हे त्यांनी मला समजावलं. आणि घाटात भरलेला ट्रक पुढे असला की मागच्या गाड्यांचं जे होतं, तेच आपल्या खोल्यांचं झालंय, असं म्हणाल्या. मला आंबेनळीतलं उदाहरण दिल्यावर कळणार नाही असं कसं होईल! पण राहुल, हेच उदाहरण तूही दिलं होतंस. जेवणघरात, सगळ्यांसमोर, सहा जून दोन हजार चारला, रविवारी. तेव्हा मला ते कळलं नव्हतं. म्हणजे मी कळून घेतलं नव्हतं.

तू म्हणाला होतास, पुढचे ट्रक बाजूला घेतल्याशिवाय मागचं कोणी वर चढणार नाही. आणि पुढचा पहिला ट्रक म्हणजे अण्णा होते, जाऊन दोन वर्षंही झाली नव्हती. त्यांचा फोटो तुला जड वाटतो, एवढंच मी ऐकलं. बाकीचं कानात शिरलंच नाही. बावीस-तेवीस माणसं ताटावर बसलेली होती. मी उठलो आणि तुझ्या थोबाडीत मारली. एकोणतीस वर्षांत तुला मी हात लावला नव्हता. तू पाळण्यात असताना तुझं नाव मी ठेवलं, शाळेत मी घातलं, लोकांना वाटायचं तू माझाच मुलगा आहेस. आणि वर मी म्हणालो, ज्याला आपली माणसं जड होतात त्याचं तोंड या पानावर नको आणि या घरातही नको. मी शेतावर निघून गेलो आणि अंधार पडेपर्यंत बांधावर बसून राहिलो. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीने तू पुण्याला गेलास. स्टँड आपल्या गच्चीवरून दिसतो. मी गच्चीवर होतो.

पुढच्या वर्षीच्या जुलैतल्या त्या पावसानंतर लाइन चालू झाली तेव्हा पहिला फोन तुझाच आला. वहिनी "अरे" म्हणाली, त्यावरूनच मला कळलं. मी तिथेच तीन हातांवर उभा होतो. तिने रिसीव्हर माझ्यापुढे धरला. मला गाड्या बघायच्या आहेत, असं सांगून मी बाहेर गेलो. गाड्या कुठल्या? दोन्हीकडचे रस्ते बंद होते. मोकळ्या रस्त्यावर उभा राहून परत आलो. आम्ही जिवंत आहोत का एवढंच तुला विचारायचं होतं, आणि त्याचंही उत्तर मी दिलं नाही. ही गोष्ट मला थोबाडीत मारल्यापेक्षाही जास्त टोचते.

असो. नवीन पान लागून आता तीन आठवडे झाले. वर खोल्यांचा एकच फोटो, खाली भाडं आणि फोन नंबर, आणि त्याच्याखाली सगळी भावकी, एका ओळीत सहा, अशा चार ओळी. फोटो पोस्टाच्या तिकिटाएवढे. ज्याच्यावर माउस दाबावा तो मोठा होऊन समोर येतो. मी भावकीला न विचारता लावून टाकलं आणि मग बैठक बोलावली. वयाचा तेवढा फायदा घ्यावा. गोमाजीकाका फूटपट्टी घेऊनच आले. त्यांना सगळे फोटो मोजू दिले. सगळे सारखेच बारीक निघाले, तेव्हा त्यांना भांडायला जागा राहिली नाही. रंगूबाई काकूंचं मला खरं भय होतं. त्यांचा हात धरून माउस दाबायला लावला. काकांचा फोटो हारासकट काचभर आला. काकू काचेजवळ सरकल्या. मग म्हणाल्या, "आता कसा येकला पुरा दिसतोय. मगाशी गर्दीत हुबा होता रे." आता त्या रोज संध्याकाळी काउंटरवर येतात आणि काकांना मोठं करून बघतात. गिऱ्हाईक असलं तर त्यालाही दाखवतात. येणारे फोनही आता खोल्यांसाठीच येतात. परवा सवच्या गरम पाण्याच्या कुंडांवर आलेली नाशिकची दोन कुटुंबं पान बघूनच मुक्कामाला आली होती. त्यांच्यातल्या एका मुलाने गोमाजीकाकांना फोटोवरून ओळखलं. तेव्हापासून काका रोज दाढी करतात.

सगळे मला शाबासकी देतात. येसाजीने या वयात शिकून दाखवलं, म्हणतात. मी तीन आठवडे ती शाबासकी ऐकून घेतली. आता खरं काय ते लिहितो, कारण ते तुझ्याशिवाय कोणाला कळायचं नाही. हे पान मी केलेलं नाही.

पान बदलायचं तर साइट ज्या कंपनीकडे ठेवलेली आहे तिचा पासवर्ड लागेल, असं मॅडम म्हणाल्या. पासवर्ड काउंटरच्या काचेखाली होता. तू जाताना चिठ्ठी ठेवून गेला होतास. वर एसटीचं वेळापत्रक, त्याच्याखाली अर्धी झाकलेली ती चिठ्ठी. साडेचार वर्षं मी त्याच काचेवर कोपर टेकून बसत आलोय. अक्षर तुझं म्हणून कधी वाचली नव्हती. वेळापत्रक सरकवलं तर पासवर्डाखाली एक ओळ होती, "दादा, एकदा उघडून बघ."

ती चिठ्ठी घेऊन मी क्लासात गेलो. मॅडमनी तो पासवर्ड टाकून साइटच्या आतली यादी काढली. आपल्या जड पानाशेजारी दुसरं एक पान तयार होऊन पडलं होतं. त्याचं नाव तू इंग्रजी अक्षरांत, सगळे शब्द जोडून लिहिलं होतंस. मी एकेक अक्षर लावत वाचलं. दादा हो म्हणाला तर. तारीख सहा जून दोन हजार चार, वेळ संध्याकाळी सहा चाळीस. मी बांधावर बसलो होतो तेव्हा तू काउंटरवर बसून सगळ्यांचे फोटो हलके करत होतास. अण्णा पहिले, हारासकट. काकूंचा धनी दुसरा. गोमाजीकाका तिसरे. कोणालाही काढलं नव्हतंस. मॅडमनी फक्त नाव बदललं आणि पान लागलं. पाच मिनिटांचंही काम नव्हतं. पोरी बघत होत्या म्हणून मी बाहेर नळावर जाऊन तोंड धुऊन आलो.

मग घरी येऊन मी फोटो मोजले. तेवीस भरले. पुन्हा मोजले, तरी तेवीसच. चौथ्या ओळीतली शेवटची चौकट कोरी होती. मी म्हणालो होतो ना, तुझं तोंड या पानावर नको. मी बोललो ते दोन्ही तू पाळलंस, घराचंही आणि पानाचंही.

कंपनीत फोन केला तेव्हा कळलं की ही साइट दर वर्षी पुण्याहून पैसे भरून कोणीतरी चालू ठेवतं. तुझा पत्ता त्यांच्याकडूनच उतरवून घेतला. वहिनीकडे होता, पण तिच्याकडे मागायची लाज वाटली. काल पत्र लिहायला बसलोय म्हटल्यावर तिने टीव्ही बंद केला.

हे सगळं लिहिलं ते एका कामासाठी. ती कोरी चौकट मी कोणाला भरू दिलेली नाही. गोमाजीकाकांच्या नातवाचा फोटो तिथे लावा म्हणून दोनदा मागणी आली, दोन्ही वेळा नाही म्हटलं. तुझा आताचा फोटो पाठव. जुना माझ्याकडे आहे, पण त्यात तू एकोणतीस वर्षांचा आहेस आणि तुझ्या गालाकडे मला बघवत नाही. फोटो पाठवण्यापेक्षा स्वतःच आलास तर महाडच्या त्याच स्टुडिओत जाऊ. वरंधा घाट चालू आहे, सकाळी निघालास तर दुपारी पानावर बसशील. जेवणघरात माझ्या उजव्या हाताला तुझी जागा आहे, आणि या वेळी तू बोल, मी ऐकतो. मॅडमना विचारून ठेवलंय, तुझा फोटो बसला की पान उघडायला अर्धा सेकंद जास्त लागेल. लागू दे. तू जे विचारून गेला होतास, त्याला उत्तर द्यायला मला साडेचार वर्षं लागली. हो.

तुझाच,
दादा